हिंगणा रोडवरचे दोन कॅम्प

पत्र: नागपूरजवळच्या डिगडोहच्या एका आईंनी लिहिलं आहे. "मुलगा यंदा बारावी सायन्स पास झाला, नुकतीच अठरा पूर्ण झाली. उंची साडेपाच फूट. रोज पहाटे पळायला जातो. हिंगणा रोडने जाता-येता सीआरपीएफचं गेट दिसतं, एसआरपीएफचंही दिसतं. तो म्हणतो, केंद्राच्या पोलिसातच जाईन, तिथली हत्यारं भारी असतात. त्याचे बाबा म्हणतात, राज्याच्या पोलिसात जा, घराजवळ राहशील, धोकाही कमी. मला यातला फरकच कळत नाही. दोन्ही कॅम्प तर आमच्याच रस्त्यावर आहेत. मग घरात वाद कशाचा?"

ताई, नमस्कार.

सीआरपीएफ म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल आणि एसआरपीएफ म्हणजे राज्य राखीव पोलीस दल. दोघांचे कॅम्प एकाच रस्त्यावर असले तरी तिथून निघणाऱ्या गाड्या फार वेगवेगळ्या दिशांना जातात. तुमच्या घरातला वाद तिथेच सुटण्यासारखा आहे.

आपल्या देशात सगळीकडचा कारभार पाहणारं एकच 'राष्ट्रीय पोलीस' दल नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे एफआयआर लिहून घेणारं, पंचनामा करणारं, तपास करून आरोपपत्र दाखल करणारं ठाणं राज्याचं असतं. केंद्राच्या गृहमंत्रालयाकडे आहेत ती सशस्त्र दलं. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या सीमेवर बीएसएफ, चीनच्या सीमेवर आयटीबीपी, नेपाळ-भूतानच्या सीमेवर एसएसबी. विमानतळ आणि मोठ्या सरकारी कारखान्यांवर सीआयएसएफ. आपल्या सोनेगावच्या विमानतळावर तपासणी करणारे जवान तेच. ईशान्येकडे आसाम रायफल्स. आणि देशाच्या आत कुठेही दंगल, निवडणूक, नक्षलवाद, दहशतवाद असला की राज्याच्या मदतीला पाठवली जाते ती सीआरपीएफ. हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर नागपूर स्टेशनवर जा. एकाच फलाटावर आरपीएफचा जवान असतो, तो रेल्वे मंत्रालयाचा, आणि लोहमार्ग पोलीसही असतात, ते राज्याचे. बॅग चोरीला गेली तर गुन्हा नोंदवतात लोहमार्ग पोलीस.

आता तुमच्या रस्त्यावरच्या गेटबद्दल. सीआरपीएफचा हिंगणा रोडवरचा कॅम्प हे 'ग्रुप सेंटर' आहे. तिथे बटालियनांची कागदपत्रं, सामान, भांडार, दवाखाना आणि जवानांच्या कुटुंबांची क्वार्टर्स असतात. बटालियन मात्र बाहेर असते. मुलगा या दलात लागला आणि उद्या लग्न झालं, तर त्याची बायको-मुलं कदाचित अशाच एखाद्या ग्रुप सेंटरच्या क्वार्टरमध्ये राहतील आणि तो स्वतः काश्मीरमध्ये किंवा बस्तरच्या जंगलात असेल. ते ग्रुप सेंटर नागपूरचंच असेल असंही नाही. हे दल जन्मापासूनच फिरतं आहे. 27 जुलै 1939 ला मध्य प्रदेशातल्या नीमचला इंग्रजांनी ते उभारलं, ते संस्थानांमधली गडबड आवरायला इकडून तिकडे पाठवण्यासाठी. आजचं नाव 28 डिसेंबर 1949 च्या कायद्याने मिळालं. आज त्यात 3 लाखांच्या वर माणसं आहेत. एका बटालियनमध्ये हजारावर माणसं, त्यावर कमांडंट. खाली ए, बी, सी अशा कंपन्या, प्रत्येक कंपनीवर असिस्टंट कमांडंट. मग प्लाटून, मग सेक्शन. बरेचदा कंपन्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात, म्हणून जवानासाठी घर म्हणजे त्याची कंपनी.

एसआरपीएफ राज्याची, 1948 साली उभी राहिलेली. तिचा नागपूरचा गट क्रमांक 4 तुमच्या ओळखीचा आहेच. तीही बंदोबस्ताला फिरते, पण मुख्यतः महाराष्ट्रातच. सगळ्यात स्थिर आयुष्य शहर किंवा जिल्हा पोलिसांचं. तिथे भरतीच घटकानुसार, म्हणजे त्या-त्या जिल्ह्यासाठी किंवा शहरासाठी होते. पगारावरून वाद घालू नका. शिपायाचं मूळ वेतन दोन्हीकडे 21,700 पासूनच सुरू होतं, फरक भत्त्यांचा.

हत्यारांबद्दल मुलाशी मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण ती आवड खरी असेल तर तिचा उपयोग करता येतो. केंद्रीय दलांमध्ये 5.56 मिमीची इन्सास वर्षानुवर्षं वापरात आहे, एके-47 आहे, सीआरपीएफच्या कोब्रा कमांडोंकडे आखूड एक्स-95 रायफल आहे. पण एके-47 आपल्या राज्याच्या पोलिसांकडेही आहे. गडचिरोलीचं सी-60 पथक 1990 पासून जंगलात नक्षलवाद्यांशी लढत आलं आहे, ते राज्याचंच. तेव्हा 'भारी हत्यारं केंद्राकडेच' हे खरं नाही. शिवाय रायफल जवानाची स्वतःची नसते. ती 'कोत'मध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात असते. नंबर पाहून, नोंद करून मिळते आणि मोजून परत जाते. सुट्टीवर आलेला माझा एक जुना विद्यार्थी सांगत होता, "सर, गोळी चालवण्यापेक्षा रायफल पुसण्यातच जास्त वेळ जातो." दंगलीच्या ड्यूटीत तर रायफलच्या आधी लाठी, ढाल, हेल्मेट आणि अश्रुधूर येतो. सीआरपीएफच्या निळ्या वर्दीतल्या शीघ्र कृती दलाचं, आरएएफचं, कामच ते. अश्रुधुराची नळकांडी बीएसएफच्या टेकनपूरच्या कारखान्यात बनतात.

मुलाला हत्यार चालवण्याइतकंच ते उघडून पाहण्याचं वेड आहे का, हे त्याला विचारा. असेल तर या दलांमध्ये आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे लागतात, वायरलेसवाले लागतात, गाड्यांचे मेकॅनिक लागतात, सुरुंग शोधणारे लागतात. बीएसएफ हेड कॉन्स्टेबल रेडिओ ऑपरेटर आणि रेडिओ मेकॅनिक भरते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये 60 टक्के, ही त्याची शिक्षणाची अट. ही वाट बारावी सायन्सच्या पोरांना कोणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांच्या काळजीबद्दल खरं तेच सांगतो. राज्याचं पोलीस दल म्हणजे कमी धोका, असं हिशोबात धरू नका. 1 मे 2019 ला गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात गेलेले 15 जवान महाराष्ट्र पोलिसांचे होते, सोबत गाडीचा चालकही गेला. ते खासगी वाहनातून निघाले होते. म्हणूनच तिथे सुरुंगरोधक गाडी, आधी पायी चालत रस्ता तपासणारी 'रोड ओपनिंग पार्टी', अंगावर बुलेटप्रूफ जाकीट आणि डोक्यावर तसाच बुलेटप्रूफ पटका या गोष्टींना रायफलइतकंच महत्त्व आहे. धोका ठरतो तो नेमणुकीच्या जागेवर आणि नियम पाळण्यावर. मुलाने दोन्ही समजून मग होकार द्यावा, आणि तुम्हीही.

आता उंची, कारण सगळं तिथे अडणार आहे. साडेपाच फूट म्हणजे 167.6 सेंटीमीटर. केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीला, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या 'जनरल ड्यूटी' परीक्षेला (एसएससी जीडी), पुरुषांना 170 लागतात. अनुसूचित जमातीला 162.5 आणि मराठा उमेदवारांना 165 अशी सूट आहे, पण ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. एसआरपीएफला 168, म्हणजे तुमच्या मुलाचं घोडं चार मिलिमीटरवर अडतं. जिल्हा पोलिसाला 165, तिथे तो बसतो. आणि पदवीनंतर यूपीएससीची असिस्टंट कमांडंटची परीक्षा आहे, वय 20 ते 25, तिथेही 165 च. म्हणजे शिपाई म्हणून जे गेट बंद असेल ते अधिकारी म्हणून उघडं असू शकतं. मला त्याच्यासाठी हीच वाट जास्त योग्य वाटते: आता पदवीला प्रवेश, सोबत पोलीस भरतीची तयारी, आणि तिसऱ्या वर्षापासून यूपीएससीचे दोन पेपर.

पळण्याचंही पाहा. जिल्हा पोलिसाला 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुण. एसआरपीएफला आणि जीडीला 5 किलोमीटर, त्यातही जीडीला ते 24 मिनिटांत संपवायचे. यूपीएससीला 800 मीटर 3 मिनिटं 45 सेकंदांत. रोज नुसतं पळण्यात अर्थ नाही, कशासाठी पळतो हे ठरवून घड्याळ लावून पळू द्या. जीडीची लेखी परीक्षा 2024 पासून मराठीतूनही देता येते, हे मात्र त्याला नक्की सांगा. हिंदीच्या भीतीने मागे फिरलेली पोरं मी पाहिली आहेत.

या आठवड्यात दोन कामं करा. डोमिसाईल नसेल तर सेतूमध्ये अर्ज टाका; जीडीच्या जागा राज्यवार असतात, त्यामुळे ते लागतंच. आणि उंची सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, सेंटीमीटरच्या पट्टीने मोजा. दवाखान्यात मोजली तर उत्तम. तो आकडा, बारावीच्या तीन विषयांचे गुण आणि जातीचा दाखला आहे का, एवढं मला लिहून कळवा. मग बीएसएफचा अर्ज भरायचा की नाही, ते नक्की सांगतो.