वाचकांचे प्रश्न : किती करू, किती लावू?

या महिन्याच्या पत्रांतून चार निवडली आहेत. आकडे पत्रलेखकांचेच आहेत, काही ठिकाणी हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.

प्रश्न : बेळगावात शहापूर भागात आमचं मिठाईचं दुकान आहे. रोज २० किलो कुंदा करतो. कधी संध्याकाळी सहालाच परात रिकामी होते, तर कधी सात-सात किलो उरतो. ३० दिवसांची वही काढली तर रोजची सरासरी विक्री १८ किलो निघते. मग १८ किलोच करावा का? किलोमागे खर्च ३६० रुपये, विक्री ५०० रुपये. उरलेला दुसऱ्या दिवशी २९० रुपयांनी काढतो.

उत्तर : नको. तुमच्या वहीत विक्री आहे, मागणी नाही. केलाच २० किलो, तर वहीत २१ कधी येणारच नाही. ३०पैकी १४ दिवशी माल संपला होता. त्या दिवशी किती गिऱ्हाईक परत गेलं, याची नोंद कुठेच नाही.

आजपासून माल संपला की घड्याळ बघून वेळ लिहा. ज्या दिवशी माल उरतो, त्या दिवसांवरून कितव्या तासापर्यंत किती टक्के विक्री होते ते काढा. सहापर्यंत ७० टक्के होत असेल, तर सहाला संपलेले २० किलो म्हणजे २० भागिले ०.७, सुमारे साडेअठ्ठावीस किलोची मागणी. साडेआठला संपला आणि तोवर ९५ टक्के होत असेल, तर मागणी २१ किलो. बाजाराचा दिवस, रविवार आणि सणवार यांचे हिशेब वेगळे ठेवा, नाहीतर गणपतीची गर्दी श्रावणातल्या मंगळवारच्या डोक्यावर बसते.

मग हे ३० आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि दोन तोटे बघा. एक किलो कमी पडला तर १४० रुपयांचा नफा हुकतो. एक किलो उरला तर ७० रुपये बुडतात. १४० भागिले (१४० अधिक ७०) म्हणजे दोन तृतीयांश, ३०चे दोन तृतीयांश २०. तेव्हा यादीतला विसावा आकडा घ्यायचा. समजा, ही दुरुस्ती केल्यावर तो २३ आला. पडताळून बघा : तेविसावा किलो विकला जाण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश. त्यातून अपेक्षित नफा १४०चा तिसरा हिस्सा, म्हणजे ४७ रुपये, आणि अपेक्षित तोटा ७०चे दोन तृतीयांश, म्हणजे तोही ४७ रुपये. त्यापुढचा प्रत्येक किलो तोट्यात.

उरलेला कुंदा टाकूनच द्यावा लागत असता, तर बुडीत ३६० रुपये धरले असते. मग १४० भागिले ५००, म्हणजे ०.२८, यादीतला नववा आकडा, १६ किलोच्या आसपास. गिऱ्हाईक तेच, पण उत्तर सात किलोंनी खाली. सरासरीला यातलं काहीच कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ साली बँकेने रोकड किती ठेवावी हा प्रश्न याच वाटेने सोडवला होता.

सगळ्यात जास्त चूक खर्चाच्या आकड्यात होते. ३६० रुपयांत दूध, साखर, गॅस आणि खोके एवढंच हवं. दुकानाचं भाडं आणि कारागिराचा पगार एक किलो जास्त केल्याने वाढत नाही, म्हणून ते इथे धरू नका. धरलं तर बुडीत फुगतं आणि तुम्ही विनाकारण कमी करत राहता. उलट, रिकाम्या हाताने गेलेलं कायमचं गिऱ्हाईक दुसरं दुकान धरतं असं वाटत असेल, तर १४०मध्ये आणखी २०-३० रुपये मिळवा.

प्रश्न : बेळगावजवळ कडोली भागात आमचं सहा एकर आहे. खरिपात बटाटा आणि सोयाबीन लावतो. खर्च वजा जाता एकरी बटाटा मध्यम पावसात ४५ हजार देतो, अति पावसात सडून २० हजारांचा तोटा आणि कमी पावसात १० हजार. सोयाबीन अनुक्रमे २२, १४ आणि ६ हजार. मागच्या २० वर्षांत मध्यम १०, अति ५ आणि कमी ५ वर्षं मोजली. सोसायटीचं कर्ज आहे, ३० हजारांवर तोटा झेपणार नाही. सगळा बटाटाच लावू का? आणि हवामानाचा अंदाज पैसे भरून घ्यावा का?

उत्तर : "पाऊस मध्यमच पडेल" असं धरलं तर सगळा बटाटा, २ लाख ७० हजार. कागदावर छान दिसतं. तिन्ही प्रकारच्या वर्षांना २० वर्षांतल्या त्यांच्या वाट्याप्रमाणे वजन दिलं की एकरी बटाटा २० हजारांवर येतो आणि सोयाबीन १६ वर. बटाटा अजून पुढे आहे, पण अति पावसाच्या वर्षी सहा एकरांवर १ लाख २० हजार बुडतील. ते तुम्हाला चालणार नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे.

तेव्हा ती अट हिशेबात घाला. सगळं सोयाबीन असेल तर अति पावसातही ८४ हजार हाती राहतात. तिथून उणे ३० हजारांपर्यंत उतरायला १ लाख १४ हजारांची जागा. सोयाबीनचा एक एकर बटाट्याला दिला की अति पावसात ३४ हजारांचा फरक पडतो. ११४ भागिले ३४ म्हणजे ३.३५. बटाटा ३ एकर १४ गुंठे, बाकी २ एकर २६ गुंठे सोयाबीन. अपेक्षित उत्पन्न १ लाख ९ हजार ४००. सगळ्या बटाट्यापेक्षा हे सरासरीने १० हजार ६०० कमी आहे, तो विम्याचा हप्ता समजा.

आता दुखणं. तुमचे ४५ हजार कुठल्या भावाने धरले? पाऊस नीट पडला की तुमच्यासारखाच शेजाऱ्याचाही बटाटा निघतो आणि मार्केट यार्डात भाव खाली येतो. पाऊस आणि भाव वेगवेगळे धरले की बटाटा नेहमी आहे त्यापेक्षा गोरा दिसतो. त्या १० मध्यम वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या काढून खरोखर हाती आलेले पैसे बघा. तो आकडा ३७ हजारांच्या खाली असेल तर बटाट्याची सरासरी सोयाबीनच्याही मागे पडते, आणि मग वरचं सगळं गणित उलटतं. आमच्या मते पावसाच्या शक्यता २५ टक्के की ३० यावर डोकं खाजवण्यापेक्षा हा एक आकडा पक्का करणं जास्त मोलाचं आहे.

अंदाजाबद्दल : पाऊस आधीच बिनचूक कळला असता, तर मध्यम आणि कमी पावसाला बटाटा, अति पावसाला सोयाबीन लावलं असतं. सरासरी १ लाख ७१ हजार आली असती. वरच्या नियोजनातून हे ६१ हजार ६०० जास्त. कितीही चांगला अंदाज असला तरी त्याची किंमत याच्या वर जात नाही आणि खरा अंदाज चुकतोही, म्हणून त्याची किंमत बरीच खाली. शिवाय तो बेणं घेण्याआधी हातात यायला हवा. बेणं घरात येऊन पडल्यावर कळलेला पाऊस या निर्णयाला निरुपयोगी. बेणं परत विकता येत असेल तर मात्र तोही एक पर्याय आहे. परत विकताना एकरी किती घट येते ते हिशेबात वेगळं मांडा. आधी एक निर्णय, मग पाऊस बघून दुरुस्ती, अशी मांडणी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९५५ साली केली, अटींत बसणारं सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या त्यांच्या सिम्प्लेक्स पद्धतीनंतर आठ वर्षांनी.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीत चार्जचं, म्हणजे भट्टीत घालायच्या मालाचं, मिश्रण एक्सेलच्या सॉल्व्हरने (अटींत बसणारं सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या साधनाने) काढतो : पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्टील स्क्रॅप, रिटर्न (फाउंड्रीतलंच परत वितळवायचं लोखंड). सॉल्व्हर सगळ्यात स्वस्त मिश्रण देतो, सगळ्या अटी पाळतो, पण निम्म्या हीटमध्ये (एका वेळी वितळवलेल्या घाण्यांत) मँगनीज ०.७० टक्क्यांच्या वर जातं. सॉल्व्हर चुकतो का?

उत्तर : चुकत नाही, सांगितलं तेवढंच करतो. स्वस्त मिश्रण जवळपास नेहमी कुठल्यातरी अटीच्या काठाला टेकलेलं असतं. तुम्ही स्क्रॅपचं सरासरी मँगनीज भरलं, त्याने सरासरी नेमकी ०.७०वर नेऊन ठेवली. मग निम्म्या हीट वर जाणारच.

मागच्या ३० हीटचे स्पेक्ट्रोमीटरचे आकडे घ्या. त्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती इकडे-तिकडे होतात ते) ०.०५ आलं, तर अटीत ०.७०ऐवजी ०.७० उणे १.६४५ (९५ टक्क्यांसाठीचा गुणक) गुणिले ०.०५, म्हणजे ०.६२ लिहा. शंभरातल्या साधारण ९५ हीट आत राहतील. मिश्रण थोडं महाग होईल. ते नाकारलेल्या कास्टिंगच्या खर्चाशी ताडून ९५ ठेवायचे की ९० ते ठरवा.

हे मार्जिन, म्हणजे ०.७० आणि ०.६२ मधलं अंतर, कमी करायचा एक स्वस्त उपाय आहे. ४० टक्के स्क्रॅप एकाच लॉटमधून घेतलं आणि लॉट-लॉटमधलं विचलन ०.१२ असलं, तर मिश्रणात त्याचा वाटा ०.०४८. तेच २०-२० टक्के दोन वेगळ्या लॉटमधून घेतलं तर ०.०३४. पण लॉट खरोखर वेगळे हवेत. एकाच लॉरीतून उतरवलेले दोन ढीग म्हणजे एकच लॉट. सॉल्व्हरमध्ये पद्धत "सिम्प्लेक्स एलपी" निवडा आणि सूत्रांत कुठेही "इफ" घालू नका, त्याने रेषीयपणा (घटक दुप्पट केला की परिणामही दुप्पट, ही सरळ चाल) जातो.

प्रश्न : निपाणीत बी.एस्सी.ला आहे. शक्यता माहीतच नसतील तर निर्णय कसा घ्यायचा?

उत्तर : वरच्या कडोलीच्या आकड्यांवरच बघ. संख्याशास्त्रज्ञ वाल्ड यांचा निकष सगळ्यात वाईट वर्षाकडे बघतो : त्यात सर्वांत बरं मिश्रण सहापैकी सव्वा एकर बटाट्याचं. दुसरे संख्याशास्त्रज्ञ सॅव्हेज यांनी १९५१मध्ये दुसरी वाट सुचवली. पाऊस कळल्यावर जे सर्वोत्तम ठरलं असतं त्यापेक्षा किती कमी मिळालं, त्याला पश्चात्ताप म्हणायचं, आणि मोठ्यात मोठा पश्चात्ताप लहानात लहान करायचा. एकरी बघितलं तर मध्यम पावसात सोयाबीनचा पश्चात्ताप २३ हजार, अति पावसात बटाट्याचा ३४ हजार. कमी पावसाचा फरक चारच हजारांचा, तो आड येत नाही. बटाट्याचा हिस्सा क्ष घेऊन २३(१−क्ष) = ३४क्ष सोडवलं की क्ष येतो ०.४, म्हणजे सुमारे २ एकर १७ गुंठे. या पद्धतीची एक खोड लक्षात ठेव : यादीत मक्यासारखं तिसरं पीक घातलं की आधीच्या दोघांचा आपसातला क्रमही बदलू शकतो, मग ते तिसरं पीक तू लावणार नसलास तरी. म्हणून खरोखर विचारात असलेले पर्यायच यादीत घ्यायचे.