वकील नाही, मग कोर्टात बोलायचं कसं?

"मॅडम, वकिलाची फी झेपत नाही. एकटी उभी राहिले आणि तोंडातून शब्दच फुटला नाही तर?" पोटगीसाठी स्वतःच बाजू मांडणाऱ्या बायका हे इतक्यांदा विचारतात, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

वनिता (नाव बदललंय) तारीख हातात घेऊनच आली. कायदा तिला पाठ होता. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार तिथे वकील लावणं हा हक्क नाही, कोर्टाने परवानगी दिली तरच तो उभा राहतो, हेही तिनेच मला ऐकवलं. झोप मात्र उडालेली.

"बोला, मीच जज्जसाहेब," मी म्हटलं. ती थेट रुखवतापासून सुरू झाली. सासू, नणंद, दिवाळीतला अपमान, मग हुंदके. पुढच्या भेटींतही तेच.

शेवटी विचारलं, "साहेबांकडून नेमकं काय हवंय?"

"त्यांनी भरकोर्टात म्हणायला हवं, की चूक माझी नव्हती."

"आणि नाही म्हटलं तर?"

ओढणीचं टोक पिळत ती बराच वेळ बसली. "तर काय... पोरीची फी भरायचीच आहे."

गाठ सुटली ती इथे. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करणारी. प्रसंगापेक्षा आपल्याच हट्टाची धास्ती माणसाला जास्त असते, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय. वनिताला निर्दोषपणाचा दाखला हवा होता, आणि पोटगीचा अर्ज त्यासाठी नसतोच. तिच्या ओळखीच्या वकिलांनाही हे दिसलं नव्हतं!

मग तयारी झपाट्याने झाली. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालानुसार दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिने वहीत गॅस, रिक्षा, ट्यूशन, आईच्या बीपीच्या गोळ्या असं सगळं लिहिलं आणि पावत्या टाचल्या. तुम्हीही तेच करा. घटना तारखेनुसार एका पानावर उतरवा. विचारलं तेवढंच सांगा, तेही साहेबांकडे बघून. नवऱ्याशी तिथे भांडायचं नाही. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगाल का, साहेब?" म्हणायला लाजू नका.

सुनावणीत समोरचे वकील म्हणाले, "या तर कमावतात." वनिता उत्तरली, "हो साहेब, शिवणाचे महिन्याला चार हजार. प्रतिज्ञापत्रात लिहिलेत." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं.

आणि हो, एकटीनेच लढलं पाहिजे हाही हट्टच. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कचेरीत जा किंवा 15100 वर फोन करा, आणि मग काय ते ठरवा.