एकाच दोरीने रीफ: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वारा वाढला की शीड कमी कसं करायचं, म्हणजे रीफ कसा घ्यायचा, यावर थोडक्यात लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांमधे बहुतेकांनी सिंगल लाइन रीफिंगबद्दलच, म्हणजे बसल्या जागेवरून एकच दोरी ओढून रीफ घेण्याबद्दलच विचारलंय, म्हणून यावेळचं सदर त्यालाच दिलंय. सगळीकडे एकच शब्द राहावेत म्हणून सांगून ठेवतो, शिडाच्या डोलकाठीकडच्या कडेवर जी रीफची रिंग असते तिला मी पुढची रिंग म्हणतोय आणि मोकळ्या कडेवरची ती मागची रिंग.

प्रश्न: भाऊ, माझी सोळा फुटी फायबरची होडी आहे, मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं छोटं शीड), मुलीसोबत रामटेकजवळ खिंडसीला चालवतो. रीफ घ्यायचा म्हटलं की मला डोलकाठीपाशी जावं लागते, मुलगी सुकाणूवर एकटी पडते आणि होडी नुसती डोलून राहते. एकाच दोरीची सिस्टिम लावायचा विचार करून राहिलो, तर दोरी नेमकी कुठून कुठे न्यायची?
(धरमपेठ, नागपूर)

उत्तर: लावा, नक्की लावा. एवढ्या होडीत मोठा माणूस पुढे गेला की नाळ (होडीचं पुढचं टोक) दबते, मागची बाजू उचलली जाते आणि सुकाणूची पकड कमी होते, आणि हे सगळं नेमकं वारा वाढलेला असताना. मुलं सोबत असतील तर कोणीच डोलकाठीपाशी जायची गरज पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोरीचा रस्ता मागच्या टोकापासून धरा. बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, दोरीचं एक टोक तिच्या मागच्या भागात बूमभोवतीच बांधायचं, बोलाइनचा सरकता फास चांगला बसतो. शिडाची खालची कड बूमच्या खाचेत घातलेली असेल तर फास घालता येत नाही, मग बूमवर बाजूला एक पट्टी रिव्हेटने ठोकून तिला बांधा. तिथून दोरी वर जाते, मागच्या रिंगमधून पलीकडे निघते, खाली येऊन बूमच्या दुसऱ्या बाजूच्या पुलीत वळते आणि बूमच्या कडेने पुढे गूजनेकपर्यंत (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्यापर्यंत) येते, बूममधे आतून सोय असेल तर आतून. गूजनेकपाशी एक पुली, तिच्यातून दोरी पुन्हा वर, पुढच्या रिंगमधून पलीकडे, मग सरळ खाली डोलकाठीच्या बुडाशी, तिथल्या पुलीत वळून डेकवरून कॉकपिटमधे, म्हणजे बसायच्या जागेत, आणि शेवटी कॅम क्लीट, म्हणजे दोरी पकडून ठेवणारी चिमटी. हॅलयार्डही, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, कॉकपिटपर्यंत आणलेलं पाहिजे बरं का, ते डोलकाठीवरच राहिलं तर पुढे जाणं काही टळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, मागच्या पुलीची. वारा नसताना काठावर शीड चढवा, मग पुढची रिंग गूजनेकपाशी येईल इतकं खाली घ्या, आणि मागची रिंग हाताने धरून खाली आणि मागे अशी ओढा, शिडाची नवी खालची कड सपाट झाली पाहिजे. त्या वेळी रिंग बूमवर जिथे टेकते तिथे पेन्सिलने खूण करा, आणि पुली अन दोरीचं बांधलेलं टोक दोन्ही त्या खुणेच्या चार-पाच सेंटिमीटर मागे ठेवा. असं केलं की दोरी रिंगला खालीही ओढते आणि मागेही. पुली खुणेच्या पुढे बसली तर रिंग खाली येते पण मागे ताणली जात नाही, शिडाला पोट सुटतं, आणि पोट सुटलेलं शीड होडीला जास्तच कलंडवतं, म्हणजे रीफ घेऊन कमावलेलं अर्धं तिथेच गेलं.

दोरी किती लागेल तेही बघून घ्या. समजा रिंगा शिडाच्या खालच्या कडेपासून 90 सेंटिमीटर वर आहेत आणि बूम 2.6 मीटरचा आहे. मागे वर-खाली 1.8 मीटर, बूमची लांबी 2.6, गूजनेकपासून पुढच्या रिंगपर्यंत 0.9, रिंगपासून डोलकाठीच्या बुडापर्यंत साधारण 1.5, तिथून क्लीटपर्यंत तेवढीच, आणि गाठीला अन हातात धरायला वरून काही, म्हणजे 9 मीटरच्या आसपास. 10 मीटर घ्या. रीफ घेताना यातली 3.6 मीटर दोरी कॉकपिटमधे येते, कारण दोन्ही रिंगांपाशी दोरी दुपदरी आहे, 90 सेंटिमीटरच्या चौपट. ही एवढी दोरी पायात यायला नको, तिच्यासाठी बाजूला एक कापडी पिशवी लावून टाका.

दोरी 6 मिलिमीटरची, विणलेली पॉलिएस्टर. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी स्वस्तात मिळते पण ती इथे नको, उन्हात लवकर कडक होते, तुटायला लागते आणि क्लीटमधे नीट धरतही नाही. नायलॉन मजबूत असतो पण ताणतो, आणि इथे ताणणारी दोरी म्हणजे वाऱ्याच्या प्रत्येक झोतासोबत मागची रिंग वर सरकणार.

प्रश्न: सिस्टिम लावली, काठावर मस्त चालली. पाण्यावर ओढली की पुढची रिंग झटकन खाली येते आणि मागची अर्ध्यातच अडकून राहते, कितीही जोर लावा. काहून होऊन राहिलं असं?
(प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: घर्षण. एका दोरीच्या सिस्टिमचं सगळं दुखणं या एकाच गोष्टीत आहे. दोरी डोलकाठीच्या बुडाशी वळते, पुढच्या रिंगमधे वळते, गूजनेकला वळते, बूमच्या मागच्या टोकाला वळते आणि मग मागच्या रिंगमधे, प्रत्येक वळणावर तुमच्या हातातल्या जोराचा काही भाग खाल्ला जातो, त्यात दोन्ही रिंगा नुसत्या पितळी किंवा स्टीलच्या असतील तर तिथे सगळ्यात जास्त, कारण दोरी तिथे पूर्ण उलटी फिरते आणि फिरणारं चाक काहीच नाही. पुढची रिंग तुमच्या हाताच्या जवळ आहे म्हणून तिला बराच जोर मिळतो, मागचीपर्यंत उरलासुरला पोचतो. काठावर चाललं कारण तिथे शिडात वारा नव्हता.

आधी फुकटातला उपाय. शीट, म्हणजे शीड आत-बाहेर करायची दोरी, सोडली होती का? आणि व्हँग, म्हणजे बूम खाली ओढून धरणारी दोरी? बरेच जण शीट सोडतात आणि व्हँग तसाच ताणलेला ठेवतात, मग बूम खाली जखडलेला राहतो आणि मागची कड ताठ, अशी कड कोणत्याच दोरीने खाली येणार नाही. दोन्ही पूर्ण सैल करा, शीड फडफडू द्या, दोन मिनिटं फडफडल्याने काही होत नाही. टॉपिंग लिफ्ट (बूमचं मागचं टोक वरून उचलून धरणारी दोरी) असेल तर बूम थोडा उचलून घ्या, नसेल तर सोबतच्या माणसाने हाताने उचलून धरला तरी चालतं.

तेवढ्यानेही जमलं नाही तर दोन्ही रिंगांमधे गुळगुळीत अॅल्युमिनियमची लो-फ्रिक्शन रिंग मजबूत दोरीने बांधून टाका आणि रीफची दोरी तिच्यातून न्या, किंवा छोटी पुली लावा. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मागच्या रिंगला लावा. दोरी जाड असेल तर बारीक करा, 8 ची 6 केली की हातालाच फरक कळतो. आणि एकदा होडीत झोपून, खालून बघा की दोरी कुठे बूमला, फिटिंगच्या कडेला किंवा स्वतःलाच घासून तर नाही राहिली, पुष्कळदा कारण तिथेच सापडतं.

आपल्याकडे धुळीचाही त्रास आहे. एप्रिल-मेमधे होडी उघड्यावर असेल तर पुलीच्या चाकात बारीक माती बसते आणि चाक फिरायचं थांबतं. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा. ग्रीस किंवा मशीनचं तेल नको, त्याला धूळ चिकटून लगदा होतो.

प्रश्न: पाण्यावर असताना नेमका क्रम काय? आम्ही आधी दोरी ओढतो मग हॅलयार्ड सोडतो, बरोबर आहे का?
(वर्धा)

उत्तर: उलटं होतंय. आधी होडीचं तोंड वारा येतो त्या दिशेच्या जवळ आणा, अगदी नाकासमोर नको, जिब थोडा भरलेला राहील इतकीच, म्हणजे होडी हळूहळू पुढे जात राहते आणि सुकाणू ऐकते. मग मेनसेलची शीट आणि व्हँग सोडा. मग हॅलयार्ड खुणेपर्यंत खाली सोडा. ही खूण काठावर असतानाच करून ठेवायची, पुढची रिंग गूजनेकच्या जरा वर असताना क्लीटपाशी हॅलयार्डवर रंगीत दोऱ्याचे टाके घाला, मार्करची शाई उन्हाने उडते. खूण नसली की घाईत हॅलयार्ड जास्त सुटतं, शीड कॉकपिटमधे येऊन पडतं आणि सगळा गोंधळ होतो.

आता रीफची दोरी ओढा, जोरात झटके न देता हातावर हात घेत सलग, मागची रिंग बूमपर्यंत येईस्तोवर, आणि बघायचं ते मागेच, पुढे नाही. ती बसली की क्लीट लावा आणि हॅलयार्ड परत ताणा, पुढच्या कडेवरच्या आडव्या सुरकुत्या जाईपर्यंत. हे ताणताना पुढची रिंग किंचित वर जाते आणि त्याच दोरीला ओढ बसून मागची रिंगही आणखी घट्ट होते, एका दोरीचा हा एक फायदाच आहे. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल, व्हँग, मग शीट. सरावाने दोन माणसांना एका मिनिटाच्या आत जमतं. सराव हलक्या वाऱ्यात करा, गरज नसताना, अंबाझरीसारख्या तलावावर सकाळी वारा मंद असताना रीफ घ्या, सोडा, परत घ्या, मुलीलाही करू द्या, तिने केलं आणि तुम्ही सुकाणू धरलं असंही होऊ द्या.

शिडाच्या पुढच्या कडेला डोलकाठीच्या खाचेत सरकणाऱ्या छोट्या स्लाइड असतील तर खाचेच्या तोंडापाशी अडकण लावलंय का तेही तपासा, नाहीतर शीड खाली घेतलं की त्या स्लाइड खाचेतून बाहेर पडतात.

प्रश्न: रीफ कधी घ्यायचा? मोबाइलवर वारा किलोमीटरमधे दिसतो, तो किती झाला की?
(सिव्हिल लाइन्स, नागपूर)

उत्तर: लहान होडीला 20 च्या आसपास गेला की तयारीत राहा आणि 25 सलग असेल तर घेतलेला बरा, पण आकड्यापेक्षा होडी काय सांगते ते ऐका. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, 20 चा 28 झाला की दाब जवळपास दुप्पट, म्हणून 'थोडासाच तर वाढला' हे वाटणं फसवं असतं. शीट सोडूनही होडी कलती राहते, सुकाणू स्वतःकडे घट्ट ओढून धरावं लागतं तरी नाळ वाऱ्याकडे वळायला बघते, अशी वेळ आली म्हणजे रीफ दहा मिनिटं आधीच घ्यायला हवा होता.

पांढऱ्या लाटांवर विसंबू नका. समुद्रावर ताशी 20 ते 28 किलोमीटरच्या वाऱ्यात बऱ्यापैकी पांढरे तुरे दिसतात, पण तलावात वाऱ्याला लाट उठवायला लांबी मिळत नाही, म्हणून तेवढाच वारा असूनही पाणी शांत वाटतं. त्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला पाण्यावर काळपट पट्टा सरकत येताना दिसतो का ते बघत राहा, तो झोत आहे. खिंडसीला आजूबाजूला टेकड्या आहेत, तिथे झोत दिशा बदलून येतो.

आणि मे-जूनमधे दुपारनंतर पश्चिमेला काळं आभाळ उठलं, गडगडायला लागलं, की रीफचा विचारच नको. वादळाच्या आधीचा वारा काही क्षणांत कित्येक पटीने वाढतो, आणि मोकळ्या पाण्यावर उभी डोलकाठी म्हणजे विजेला आमंत्रण. शीड पूर्ण खाली घ्या, वल्ही मारत काठ गाठा, लाइफ जॅकेट तर निघाल्यापासून अंगावर असलंच पाहिजे.

प्रश्न: माझ्या जुन्या शिडाला रीफच्या रिंगाच नाहीत. ताडपत्रीवाल्याकडून आयलेट (धातूच्या कड्या) ठोकून घेतले तर?
(कामठी)

उत्तर: कोपऱ्यांसाठी नको. रीफ घेतल्यावर त्या दोन रिंगा म्हणजे शिडाचे नवे कोपरे, आधी मूळ कोपऱ्यांवर जो ताण होता तो सगळा यांच्यावर येतो, आणि एकेरी कापडात ठोकलेला बॅनरचा आयलेट पहिल्या मोठ्या झोतात कापडासकट निघून येतो. तुमच्या शिडाचा मूळ मागचा कोपरा हातात घेऊन बघा, कापडाचे थर एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, असं केलेलं असतं ना, तसंच रीफच्या दोन्ही जागी हवं. हे शीड शिवणाऱ्याकडूनच करून घ्या, मुंबई-पुण्याकडे कुरियरने पाठवावं लागलं तरी चालेल. दोन रिंगांच्या मधे, खाली जमलेलं कापड आवरायला ज्या छोट्या बांधण्या असतात त्यांच्यासाठी मात्र ताडपत्रीवाल्याचे चांगले पितळी आयलेट, खाली जास्तीचा कापडी तुकडा लावून, चालून जातात.

उंची ठरवताना एकच रीफ ठेवा पण जरा खोल, शिडाचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्याने तरी कमी होईल इतका. दोन रीफ दोन वेगळ्या दोऱ्यांनी लावता येतात, पण दुसऱ्याची उंची जास्त म्हणून दोरी आणि घर्षण दोन्ही वाढतं, तलावातल्या होडीला त्याची गरज नाही.

प्रश्न: मागच्या आठवड्यात रीफ सोडताना मधला एक आयलेट फाटला, हॅलयार्ड तर हळूच ओढलं होतं.
(अमरावती)

उत्तर: एखादी मधली बांधणी सोडायची राहून गेली असणार. त्या छोट्या दोऱ्या फक्त खाली जमलेलं कापड आवरायला असतात, ताण घ्यायला नाही. रीफ पूर्ण बसल्यावर सगळ्यात शेवटी त्या बांधायच्या, सैलसर, शक्य असेल तर फक्त कापडाभोवती, बूमला न घेता, आणि एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची. सोडताना सगळ्यात आधी त्या, हाताने मोजून, मग रीफची दोरी मोकळी, मग हॅलयार्ड. हॅलयार्ड जड लागलं की ओढणं थांबवून वर बघायचं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावून वापरत राहू नका, पुढच्या वेळी फाटा तिथूनच वर चढत जाईल, आधी शिवून घ्या. तोवर बाकीच्या बांधण्या आहेत त्या पुरतात, लहान शिडाला एखादी मधली नसली तरी रीफ नीट बसतो.