वॉरंटी १० वर्षांची असली तरी तक्रारीला २ वर्षेच

प्रश्न : एक दाढ काढल्यावर ३ वर्षांपूर्वी तीन दातांचा ब्रिज (दोन्ही बाजूंच्या दातांवर कॅप चढवून मधली जागा भरणारे जोडलेले कृत्रिम दात) बसवला. पहिल्याच महिन्यापासून चावताना कळ यायची. चार वेळा डॉक्टरांकडे गेले. दर वेळी ब्रिज जरासा घासून ‘बसेल हळूहळू’ म्हणाले. शेवटची खेप २२ महिन्यांपूर्वीची. त्या खेपांचे केसपेपर घरात कुठेतरी असतील. मग कंटाळून जाणेच सोडले, गोळ्या घेत राहिले. गेल्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी ब्रिज कापून काढला, तर मागच्या आधाराच्या दाढेपाशी कॅपची कड उघडी होती आणि दाढ आतून किडलेली निघाली. आता तीही काढावी लागणार. कार्डावर १० वर्षांची वॉरंटी आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे ना? आधी नोटीस पाठवून उत्तराची वाट पाहू का?

उत्तर : वेळ भरपूर नाही. माझ्या हिशेबाने तुमच्या हातात जेमतेम दोन महिने आहेत, आणि तेही तुमच्या बाजूने मोजले तर.

कॅप-ब्रिजबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत हाच गैरसमज असतो. कार्डावरची वॉरंटी बहुधा ब्रिजच्या साहित्याची असते : तो तडकला, वरचा थर उडाला, तर नवा करून मिळेल. खालचा दात किडला तर काय, हे त्या कार्डावर सहसा नसतेच. मागची बाजू नीट वाचा. वॉरंटीप्रमाणे ब्रिज बदलून द्यायला नकार मिळाला, तर त्या नकाराची तक्रार वेगळी मांडता येईल; पण ती ब्रिजपुरती. गेलेल्या दाढेची भरपाई तिच्यातून निघेल असे मला वाटत नाही.

सगळे अडते ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ वर. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमच्या प्रकरणात कारण घडले कधी? ब्रिज बसवला त्या दिवशी धरले, तर मुदत केव्हाच संपली. डॉक्टरांनी त्याच दुखण्यावर शेवटचा हात लावला तो दिवस धरला, तर दोन महिने उरतात. कीड दिसली तो दिवस धरला, तर आणखी बराच काळ आहे. डॉक्टरांचे वकील पहिली तारीख धरतील हे उघड आहे. तुम्ही मधली धरून चाला, आणि तिसरी पर्याय म्हणून तक्रारीत मांडा.

तिसऱ्या तारखेवरच विसंबू नका, याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालातली रुग्ण स्वतः परिचारिका होती. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत गॉजचा तुकडा पोटात राहिला, तो नऊ वर्षांनी सापडला. तरी तक्रार मुदतबाह्य ठरली. न्यायालयाचे म्हणणे असे, की आत दडलेली इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून धरता येते. पण हिला पहिल्यापासून दुखत होते, मग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तिने विचारले का नाही? तुमचे तिच्याहून वेगळेपण एवढेच, की तुम्ही चार वेळा गेलात आणि दर वेळी तुम्हाला धीर देऊन परत पाठवले गेले. तुमची बाजू त्या चार खेपांवर उभी आहे. आणि त्यांचे केसपेपर ‘घरात कुठेतरी असतील’ असे तुम्ही लिहिता! आज शोधा. पावत्या, अपॉइंटमेंटचे मेसेज, ऑनलाइन पैसे भरल्याच्या नोंदी, एक्स-रे, जे मिळेल ते तारखेप्रमाणे लावा. जुन्या दवाखान्यातल्या नोंदींच्या प्रती लेखी मागा आणि त्या अर्जाची पोच घ्या. नंतरच्या २२ महिन्यांच्या गोळ्या मात्र तुमच्याविरुद्ध वापरल्या जातील, याची मनाची तयारी ठेवा.

नोटिशीचे म्हणाल, तर ग्राहक आयोगात जाण्याआधी ती पाठवलीच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. ‘बघतो, कळवतो’ या उत्तरांवर आठ-दहा महिने घालवून आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी माझ्याजवळ काहीच उरलेले नसते. पाठवायचीच असेल तर पाठवा, पण तक्रारीचा मसुदा त्याच आठवड्यात तयार ठेवा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ती दाखल करता येते. आयोगाने पहिली तारीख धरलीच तर, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. पुरेसे कारण दिसले तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण करेलच असे नाही.

डॉक्टरांची चूक सिद्ध होईल का? आताच सांगता येणार नाही. ते म्हणतील, ब्रिजखालची सफाई तुम्ही ठेवली नाही, म्हणून कीड लागली. तेही घडू शकते. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांनी काय पाहिले ते लेखी हवे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दुसऱ्या एका निकालात म्हटले आहे. पण कॅपची कड उघडी कशामुळे राहिली, हा वाद तज्ज्ञाशिवाय सुटणारा नाही. ब्रिजसाठी आधाराचे दोन्ही दात घासावे लागतात आणि घासलेले वरचे कवच परत येत नाही. हे आणि दुसरे पर्याय आधी सांगितले होते का, हा संमतीचा मुद्दाही मांडा, पण दुय्यम म्हणून.

कलम ३८ मध्ये तीन महिन्यांत निकाल द्यावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि दुखऱ्या दाढेच्या माणसाला ही थट्टाच वाटते. म्हणून निकालासाठी दाढेचे उपचार थांबवू नका. फक्त ती काढण्याआधी एक्स-रे आणि फोटो काढून घ्या. कापलेल्या ब्रिजचे तुकडे कुठे आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे असतील, तर उद्या सकाळी दवाखाना उघडताच जाऊन मागून आणा, आणि ते मिळाल्याचे दोन ओळींत त्यांच्या सहीनिशी लिहून घ्या.