इफ-एल्स समजतं, लूपही समजतो, पण लूपच्या आत इफ आला की डोकं चालत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बीसीएचं पहिलं वर्ष आहे, दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या कळतात, पण 'आउटपुट काय येईल?' असा प्रश्न आला की सगळं चुकतं. माझं पहिलं सेमिस्टर असंच गेलं. लॅबमध्ये प्रोग्राम हँग व्हायचा, मी तो थांबवायला कंट्रोल-सी दाबायचो, 'पेक्षा मोठा' या चिन्हाला बरोबरचं चिन्ह चिकटवायचो आणि पुन्हा चालवायचो. लागला तर तुक्का.

तुम्ही कोड बहुतेक गोष्टीसारखा वरून खाली वाचताय. लूप तसा वाचून कळत नाही. एकदा तुम्हीच कॉम्प्युटर व्हा आणि कागदावर तो चालवा. याला ड्राय रन म्हणतात, सरांनी सांगितलंच असेल, आणि आपण सगळ्यांनी ते कंटाळवाणं म्हणून सोडलेलं असतं.

त्यासाठी माझं आवडतं उदाहरण खरं घडलेलं आहे. आयपॉडला टक्कर द्यायला मायक्रोसॉफ्टने झून नावाचा म्युझिक प्लेअर काढला होता. ३१ डिसेंबर २००८ रोजी त्याचं ३० जीबीचं मॉडेल एकाएकी गोठलं. एकाचं नाही, सगळ्यांचंच. दोष घड्याळाच्या कोडमधल्या एका छोट्या लूपमध्ये होता. १ जानेवारी १९८० पासून आजचा कितवा दिवस हे यंत्राला ठाऊक असायचं, त्यावरून साल काढायचं होतं. मूळ कोड सी भाषेत आहे, मी मराठीत उतरवतो ('जोपर्यंत' म्हणजे लूप, अट खरी असेपर्यंत आतल्या ओळी पुन्हा पुन्हा चालतात; 'जर' म्हणजे इफ, 'नाहीतर' म्हणजे एल्स):

वर्ष = १९८०
जोपर्यंत दिवस > ३६५:
    जर वर्ष लीप असेल:
        जर दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            वर्ष = वर्ष + १
    नाहीतर:
        दिवस = दिवस - ३६५
        वर्ष = वर्ष + १

आता कागदावर दोन रकाने पाडा, दिवस आणि वर्ष. दिवस ८०० धरा. ८०० हे ३६५ पेक्षा जास्त, म्हणून आत शिरलो. १९८० लीप, ८०० हे ३६६ पेक्षाही जास्त, म्हणून दिवस ४३४ आणि वर्ष १९८१. परत वर. ४३४ मोठेच आहेत, १९८१ लीप नाही, म्हणून दिवस ६९ आणि वर्ष १९८२. परत वर, ६९ काही ३६५ पेक्षा मोठे नाहीत, बाहेर. १९८२ चा ६९ वा दिवस, म्हणजे १० मार्च. चोख.

आता दिवस ३६६ घ्या. ३६५ पेक्षा जास्त, आत. १९८० लीप, बरोबर. ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त? नाही. मग काहीच होत नाही. 'नाहीतर'कडेही जायचं नाही, कारण ते बाहेरच्या 'जर'चं आहे, आतल्याचं नाही. (इथेच निम्मा वर्ग घसरतो. इंडेंटेशन, म्हणजे ओळीआधी सोडलेली जागा, बोट ठेवून बघा.) परत वर, दिवस अजून ३६६. परत आत. घाण्याचा बैल.

३१ डिसेंबर २००८ हा त्या मोजणीतला १०,५९३ वा दिवस. २८ फेऱ्या बिनबोभाट होतात, शिल्लक राहतात ३६६, वर्ष २००८, लीप. अडकला. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि दुसऱ्या दिवशी चालू करा, हाच उपाय तेव्हा सांगितला गेला. तारीख बदलली की लूप सुटत होता.

म्हणून लूपमध्ये इफ दिसला की प्रत्येक वाटेवर एकच गोष्ट तपासा: या वाटेने गेलो तर लूपच्या अटीतलं काही बदलतं का? एक जरी वाट कोरडी निघाली तरी तिथे प्रोग्राम लटकू शकतो.

दुरुस्ती काय? माझी जुनी सवय इथे वापरून बघा: 'दिवस > ३६६' चं 'दिवस >= ३६६' करा. हँग थांबतं, पण उत्तर येतं १९८१ चा शून्यावा दिवस! हे जास्त वाईट, कारण प्रोग्राम चालतोय असं वाटत राहतं. खरा उपाय म्हणजे आतल्या 'जर'ला स्वतःचं 'नाहीतर' द्या आणि त्यात ब्रेक लिहा. ब्रेक इफमधून नाही, लूपमधून बाहेर काढतो, हे लक्षात असू द्या.

जाता जाता, 'वर्ष लीप असेल' ही एक अट नाही, तीन आहेत, आणि क्रम चुकला की गेलं. इफ-एल्सच्या साखळीत पहिली खरी ठरलेली अट चालते, बाकीच्यांकडे कोणी बघत नाही. ४ ने भाग जातो का हे आधी विचारलंत तर १९०० सुद्धा लीप ठरेल. आधी ४०० ने (गेला तर लीप), मग १०० ने (गेला तर लीप नाही), मग ४ ने (गेला तर लीप). मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० लीप नसल्यामुळे त्यांच्या जन्मतारखेचा पहिला वाढदिवस थेट १९०४ साली आला, आठव्या वर्षी.

सरावाला ८०० सारखे सोपे आकडे फारसे कामाचे नाहीत, अटीच्या काठावरचे घ्या. वरच्या कोडमध्ये ब्रेक घालून ३६५, ३६६, ३६७ आणि ७३२ चालवा. ७३२ ला १ जानेवारी १९८२ यायला हवी. नाही आली तर तुमचे रकाने खाली कमेंटमध्ये टाका, कुठल्या फेरीत घसरलात ते बघू.