मधुमालती गच्चीवर पळाली, कमान रिकामीच!

प्रश्न : आमचं सांगलीला बैठं घर आहे. गेटवर फुलांची कमान हवी म्हणून दोन वर्षांपूर्वी मधुमालती लावली, दोन बांबू रोवून वर आडवा बांबू बांधला. वेल सुसाट वाढली पण सगळी गच्चीवर गेली, खाली नुसती काठीसारखी खोडं दिसतात आणि फुलंही मोजकीच, तीसुद्धा वरती. दर महिन्याला मूठभर युरिया घालते. शेजारी म्हणतात काढून बोगनवेल लावा, आणि सासूबाई म्हणतात वेल नकोच, वासाने साप येतात. काय करू?

उत्तर : ताई, वेल उपटू अजिबात नका! दारासाठी मधुमालतीसारखी दुसरी वेल नाही असं माझं स्पष्ट मत आहे. संध्याकाळी कळी उमलते तेव्हा पांढरी असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल, म्हणजे एकाच झुबक्यात तिन्ही रंग, आणि वास नेमका दिवेलागणीला, माणसं घरी परतायच्या वेळेला. बोगनवेल सुंदरच आहे पण तिला काटे असतात, येणाजाणाऱ्याची साडी, पोरांचे हात, सगळं त्यात अडकतं, तिला कंपाउंडच्या भिंतीवर जागा द्या, डोक्यावर नको.

आता वर का पळते ते. वेलीचा शेंडा सरळ उभा असतो तोवर त्यात तयार होणारं संप्रेरक (हार्मोन) खाली उतरत राहतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे खोडावर कोंब फुटतात त्या जागांना, फुटू देत नाही. फांदी आडवी केली की हा दाब सुटतो आणि पेरापेरातून फुटवे येतात, फुलं याच नवीन फुटव्यांच्या टोकांना लागतात. म्हणून वेल खांबाला सरळ चढवायची नाही, खांबाभोवती गोल गोल फिरवत न्यायची, जितकी आडवी तितकी चांगली, आणि सुतळीने सैल बांधायची, तारेने नाही कारण खोड जाडावलं की तार आत रुतते. तुमची जुनी खोडं आता वाकणार नाहीत, मोडतील. त्यामुळे संक्रांत झाली, थंडी ओसरायला लागली की जमिनीपासून दोन फुटांवर सरळ कापून टाका. जिवावर येतं हे मला माहितीये, पण मी स्वतः दोनदा अशी कापलीये आणि दोन्ही वेळा पावसाळ्यापर्यंत कमान भरली होती. खालून जे नवे कोंब येतील त्यातले चार-पाच जोमदार ठेवा, हिरवे लवचिक असतानाच वळवायला घ्या, दर आठवड्याला एक चक्कर मारा, एवढंच काम असतं पण ते चुकवून चालत नाही.

युरिया आजपासून बंद. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानंच पानं येतात, फुलं मागे पडतात. त्याऐवजी कापणीनंतर बुंध्याशी दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड द्या. ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवंच, तेवढं नसेल तर बाकीचं कितीही केलं तरी फुलं कमीच येणार.

आणि बांबूचं म्हणाल तर बांबू जमिनीत कुजतो, वाळवी लागते, आणि पावसात भिजलेल्या मधुमालतीचं वजन फार असतं, वारा आला की सगळं गेटवर आडवं. वेल कापलेली असेल तेव्हाच फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची कमान करून घ्या, पाय दीड फूट काँक्रीटमध्ये. उंची आठ फुटांच्या खाली नको कारण झुबके फूट-दीड फूट खाली लोंबतात, सात फुटी कमान केली तर प्रत्येक पाहुणा वाकून आत येईल.

सासूबाईंची काळजी मात्र उडवून लावू नका. फुलांच्या वासाने साप येत नाहीत, पण बुंध्याशी पालापाचोळा साठला, उंदीर-बेडूक राहायला आले तर त्यांच्यामागे साप येऊ शकतो. म्हणून खालची फूटभर जागा मोकळी ठेवा आणि पाला रोज झाडून काढा, त्यांनाही बरं वाटेल.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, खोदायला जमीन नाही. दाराशी कुंडीतून कमान होईल का?

उत्तर : दाराशी चार तास तरी थेट ऊन येत असेल तर होईल. मधुमालतीच्या नादाला लागू नका, कुंडी तिला पुरत नाही. गोकर्ण लावा, निळी आणि पांढरी दोन्ही, दाराच्या दोन बाजूंना चौदा इंची कुंड्या ठेवून. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग पेरा, साधारण दोन महिन्यांत फुलं सुरू होतात, आणि वजन इतकं कमी की जाड सुतळीची जाळीसुद्धा पुरते, भिंतीला भोक पाडायला नको म्हणून घरमालकही काही बोलणार नाहीत. शेंगा दिसल्या की खुडत जा, बियांसाठी चार-पाच ठेवल्या की पुरे, नाहीतर वेल बी धरण्यात गुंतते आणि फुलं कमी होतात.