मालक आणि ग्राहक एकच असतात तेव्हा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे
या अंकाचा विषय : लोकांनी चालवलेल्या पाणी व वीज संस्था आणि त्यांच्या व्यवस्थापकांचे प्रशिक्षण

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका पाणी वापर संस्थेचा, म्हणजे कालव्याचे पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचा, पगारी सचिव आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने हिशेब मला जमतात. संस्थेने मला नेतृत्वविकासाच्या एका निवासी शिबिराला पाठवले होते. व्यक्तिमत्त्व, संवादकौशल्य, वेळेचे नियोजन या विषयांवर तिथे चांगली व्याख्याने झाली. परत आल्यावर रब्बीचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडणे, सुरू झाले आणि पहिल्याच पाळीत एका संचालकांनी आपली वेळ संपल्यावरही शेतचारीचे गेट उघडे ठेवले. ते नात्याने माझे चुलते आहेत. मी त्यांना काहीच बोलू शकलो नाही. माझ्यासारख्याने कोणते प्रशिक्षण घ्यावे?
— एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : तुमची अडचण स्वभावाची नाही, त्यामुळे व्यक्तिमत्त्व सुधारण्याच्या व्याख्यानांनी ती सुटणार नव्हती. खाजगी कंपनीतील व्यवस्थापकाचा मालक एका बाजूला असतो आणि ग्राहक दुसऱ्या बाजूला. तुमच्याकडे मात्र जो पाणी घेतो तोच सभासद आहे, तोच मत देतो, त्याच्यातूनच संचालक निवडला जातो आणि तुमचा पगार ठरवणाऱ्या सभेत तोच हात वर करतो. अशा ठिकाणी नेतृत्व म्हणजे भावकीतल्या मोठ्या माणसाला, त्याचा मान राखून, नियमाप्रमाणे ‘नाही’ म्हणता येणे. ते एकट्या सचिवाला शिकवून येत नाही. समितीनेही सोबत बसून शिकावे लागते.

‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५’ या कायद्यात तुमच्या बाजूचे पुष्कळ काही आहे. त्या कायद्याने कालव्याची मालकी शासनाकडेच ठेवली, परंतु संस्थेला पाण्याचा हक्क घनमापनाने दिला. म्हणजे संस्थेच्या मुखाशी पाणी मोजून घ्यायचे, शासनाला त्या मापाने आकार भरायचा आणि आतले वाटप संस्थेने आपल्या नियमांप्रमाणे करायचे. पीक कोणते घ्यावे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला आहे. संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष (सुरुवातीचा), मध्य आणि पुच्छ (शेवटचा, म्हणजे टेलचा) या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व आहे, आणि अध्यक्षपद आळीपाळीने फिरताना त्याची सुरुवात पुच्छ भागापासून होते. या तरतुदीमागे मोठा अनुभव उभा आहे, कारण टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले तर वरच्यांना मिळालेलेच असते, पण वरच्यांना मिळाले म्हणून टेलला मिळाले असे कधीही गृहीत धरता येत नाही.

तुमच्याच तालुक्यातील वाघाड प्रकल्पाचा इतिहास याची साक्ष देतो. ओझर परिसरातल्या टेलच्या शेतकऱ्यांपर्यंत कालव्याचे पाणी नीट पोहोचत नव्हते, म्हणून समाज परिवर्तन केंद्र या स्वयंसेवी संस्थेच्या माध्यमातून बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. या माणसांना कुणी वर्गात बसवून नेतृत्व शिकवले नव्हते. त्यांचे शिक्षण चारीवर, मोजमापाच्या पट्टीजवळ आणि लांबलेल्या सभांमध्ये झाले. नव्या सचिवाला तेवढी वर्षे वाट पाहायला लावणे योग्य नाही, म्हणूनच प्रशिक्षण हवे. मात्र ते त्या अनुभवातून काढलेले हवे.

आवर्तन चालू असताना संचालक, सचिव आणि पाटकरी (चारीवर पाणी सोडणारा माणूस) यांनी पुच्छापासून शीर्षाकडे पायी चालत यावे, हा अशा प्रशिक्षणाचा पहिला पाठ. उलट दिशेने चालले तर पहिल्या दोन मैलांत सगळे आलबेल दिसते आणि लोक घरी परततात. वाटेत प्रत्येक गेटची स्थिती, गळतीच्या जागा, कचऱ्याने तुंबलेले भाग एका वहीत नोंदवावेत. नंतर संस्थेच्या मुखाशी असलेल्या, पाणी मोजण्याच्या फ्ल्यूमवरची पट्टी सर्वांनी वाचावी, तक्त्यावरून विसर्ग, म्हणजे किती पाणी वाहते ते, काढावा आणि तो पाटबंधारे शाखेच्या नोंदीशी ताडून पाहावा. मला आढळलेली गोष्ट अशी, की बऱ्याच संचालकांनी ही पट्टी स्वतः कधी वाचलेली नसते. ज्याला आपल्या संस्थेला किती पाणी मिळाले हे मोजता येत नाही, त्याला ते न्यायाने वाटताही येत नाही, आणि शाखा अभियंत्यासमोर बसून आपल्या हक्काविषयी बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो.

दुसरा पाठ अधिकारांच्या विभागणीचा. पाळीपत्रक (कोणाला कधी पाणी मिळणार याचा तक्ता) ठरवणे, आकाराचे दर ठरवणे, दंडाची रक्कम ठरवणे हे समितीचे काम. ठरलेले अमलात आणणे हे सचिवाचे आणि पाटकऱ्याचे काम. एकदा पाळीपत्रक मंजूर होऊन फलकावर लागले, की ते बदलण्याचा अधिकार कोणत्याही एका संचालकाला किंवा अध्यक्षालाही राहता कामा नये. बदल करायचा तर सभेतच. हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतांचे गट (फड) पाडून त्यांना क्रमाने पाणी देण्याच्या जुन्या पद्धतीत, लाभधारकच पाटकरी नेमत आणि त्याचा मोबदलाही तेच देत, तरी पाणी फडाच्या ठरलेल्या क्रमाने फिरे. पाटकऱ्याने पाणी कुठे वळवायचे ते क्रम सांगे, बांधावर उभा असलेला शेतकरी सांगत नसे.

तुमच्या चुलत्यांच्या प्रसंगाकडे आता या नजरेने पाहा. गेट उघडे राहिले तर काय करायचे, हे तुम्ही त्या क्षणी ठरवायचे नसतेच. ते समितीने हंगामाआधी ठरवलेले असावे, ठरावाच्या नोंदवहीत लिहिलेले असावे आणि त्या ठरावावर खुद्द चुलत्यांची सही असावी. मग तुम्हाला इतकेच म्हणायचे असते, “काका, ठराव तुमच्याच सहीचा आहे. मी नोंद केली नाही तर उद्या टेलचे सभासद तुमच्याकडेच येतील.” प्रशिक्षणात असे प्रसंग भूमिका वाटून घेऊन करून पाहावेत. संचालकाला सचिवाच्या जागी उभे करावे आणि सचिवाला टेलच्या शेतकऱ्याच्या जागी. त्यातून मोठ्या माणसांना जे उमगते, ते तुम्ही कितीही नम्रपणे सांगितले तरी पोहोचत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी संस्थेने पाठवायचे म्हटले, तर एकट्याने जाऊ नका. अध्यक्ष, टेलच्या भागातील एक संचालक, एक महिला संचालक आणि पाटकरी असे सारे सोबत न्या. ते शक्य नसेल तर प्रशिक्षकालाच तुमच्या चारीवर बोलवा.

प्रश्न : आमच्या गावाची नळ पाणीपुरवठा योजना पूर्ण होऊन ती ग्रामपंचायतीकडे आली. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर मी आहे. योजना चालवण्याची जबाबदारी प्रत्यक्षात माझ्यावर आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर आहे. पाणीपट्टी वाढवायचा विषय काढला की सभा उधळते. दर न वाढवता योजना कशी चालवावी?
— एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, दर न वाढवता योजना काही काळ चालते, नंतर वीजबिल थकते, मोटार जळते आणि गाव पुन्हा टँकरची वाट पाहू लागते. दर वाढवण्याच्या आधी मात्र दर समजावून सांगावा लागतो, आणि ते काम आकड्यांशिवाय होत नाही.

जलजीवन मिशनमध्ये दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण १ लाख लिटर. आता समजा, तुमच्या योजनेचा वर्षाचा सगळा खर्च ३ लाख ६० हजार रुपये आहे आणि नळजोडण्या ३०० आहेत. तर घरामागे वर्षाला १,२०० रुपये पडतात, म्हणजे १,००० लिटरला जेमतेम १२ रुपये. वीस लिटरच्या जारला गावात काय मोजावे लागते, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तुमच्या गावाचे खरे आकडे घालून हा हिशेब ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो लिहिल्यावर काही दिवस तरी दरवाढीचा विषय सभेत आणू नका. लोकांना तो आपापसांत बोलू द्या.

खर्च मांडताना वीजबिल, कर्मचाऱ्याचे मानधन, पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर आणि किरकोळ दुरुस्ती एवढ्यावर थांबू नका. मोटार, पंप आणि स्टार्टर कधी तरी बदलावेच लागणार, त्यासाठी दर महिन्याला वेगळी रक्कम बाजूला पडली पाहिजे. तुमच्यासारख्या भगिनींना जे प्रशिक्षण मिळते त्यात पाण्याच्या तपासणीवर भर असतो. क्षेत्रीय तपासणी संच वापरण्यासाठी दर गावातून पाच महिला तयार करण्याची योजना चांगलीच आहे. परंतु ताळेबंद वाचणे, वीजबिलावरचे आकडे समजून घेणे आणि विरोधी सूर लावणाऱ्या सभेचे कामकाज विषयपत्रिकेवर ठेवणे, हे बहुधा कुणी शिकवत नाही. पाणी तपासणारी बाई आणि योजना चालवणारी बाई यांत हाच फरक राहतो, आणि तो दूर व्हावा असे मला मनापासून वाटते. तुम्ही पंचायत समितीकडे लेखी मागणी करा, की समितीच्या महिला सदस्यांना हिशेबाचे आणि सभासंचालनाचे प्रशिक्षण मिळावे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी त्या वर्गाला सोबत बसतील असा आग्रहही त्यात धरा.

आणखी एक. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला समितीच्या सभेला बोलवत जा. कोणत्या गल्लीत दाब कमी पडतो, कोणी नळाला थेट मोटार लावली आहे, हे त्याच्याइतके कुणालाच माहीत नसते.

प्रश्न : श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था इतकी वर्षे चालून २०११ मध्ये तिचा वीजवितरणाचा परवाना संपला. आमच्या जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था मात्र आजही वीज वितरित करते. हा फरक नेतृत्वाचा मानावा का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : संपूर्णपणे तसे मानणे अन्यायाचे होईल. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि त्याच सुमारास अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर देशात पाच पथदर्शी संस्था काढण्यात आल्या. मुळा-प्रवरा आणि हुक्केरी या दोन्ही त्या पाचांतल्या. मुळा-प्रवरेच्या क्षेत्रात उसाची बागायत आणि शेतीपंप मोठ्या प्रमाणावर होते. संस्था घाऊक वीज विकत घेई ती दुसऱ्याने ठरवलेल्या दराने, आणि शेतकऱ्याला विके तीही बाहेरच ठरलेल्या सवलतीच्या दराने. या दोहोंमधली तूट वीज पुरवणाऱ्याकडील थकबाकीच्या रूपाने साचत गेली आणि तिच्यावरचे वाद अखेरपर्यंत मिटले नाहीत. ज्याच्या हाती खरेदीची किंमत नाही आणि विक्रीचीही नाही, अशा व्यवस्थापकाला नेतृत्वाचे कितीही धडे दिले तरी ती तूट भरून निघत नाही.

तरीही व्यवस्थापकाच्या हाती एक गोष्ट राहते. तूट किती, ती कोणत्या फीडरवर (वीजवाहिनीवर), त्यातली गळती किती आणि सवलतीपोटी न मिळालेली रक्कम किती, हे दरवर्षी सभासदांसमोर वेगवेगळे मांडणे त्याला शक्य असते. हे आकडे एकत्र मिसळले की गळतीचा दोष सवलतीवर ढकलता येतो आणि सवलतीचा भार गळतीवर. अमेरिकेत अशा संस्थांची राष्ट्रीय संघटना १९४२ पासून काम करते आणि ती व्यवस्थापकांबरोबर निवडून आलेल्या संचालकांसाठीही वेगळे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवते. संचालकाला ताळेबंद समजत नसेल तर व्यवस्थापकाने मांडलेली तूट त्याला अप्रिय बातमी वाटते, आणि मग पुढच्या वर्षी ती मांडलीच जात नाही. आपण संस्थेचा आराखडा तिकडून घेतला, संचालकांच्या शिक्षणाची ही शिस्त मात्र घेतली नाही, याची खंत वाटते.

प्रश्न : असे प्रशिक्षण कुठे मिळते आणि त्याचा खर्च कोणी करायचा?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पाणी वापर संस्थांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, ही जुनी आणि जाणकार जागा आहे. ग्रामपंचायतींच्या योजनांसाठी पुण्याची यशदा ही शासकीय प्रशिक्षण संस्था आणि तिच्याशी जोडलेली प्रशिक्षण केंद्रे आहेत. सहकारी संस्थांच्या व्यवस्थापनासाठी पुण्यातच वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आहे. तुमच्याकडे कृष्णाकाठी सहकारी उपसा सिंचन संस्था पुष्कळ आहेत. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतील तर त्या कायद्याच्या कलम २४-अ मध्ये सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या सहकारी शिक्षण व प्रशिक्षणाची तरतूद आहे, तिचा आधार घ्या. २००५ च्या कायद्याखालील पाणी वापर संस्थांना ते कलम लागू होत नाही, त्यांनी आपल्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी.

खर्च संस्थेनेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या निधीतून झालेल्या शिबिरात विषय बाहेरचा माणूस ठरवतो. आपले पैसे असले की प्रशिक्षकाला सांगता येते, आमची थकबाकीची यादी आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल घेऊन आम्ही बसणार आहोत, तुम्ही त्यावरच शिकवा. दिवाळीनंतर रब्बीचे पाणी सुरू होण्याआधी तुमच्या संस्थेची सभा होईलच. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर ही तरतूद घ्या आणि प्रशिक्षणाला कोण कोण जाणार ती नावेही त्याच ठरावात लिहा.